प्रकाशाची दुसरी वाट: फायबर रिंग कशी सावरते, कुठे अडखळते

नवी मुंबईत रस्ते खणणं सतत चालू असतं. पाण्याची लाइन, महावितरणची केबल, मलवाहिनी, गॅसची पाइप अशी कामं वेगवेगळी असली तरी खड्डा बहुतेक वेळा रस्त्याच्या त्याच कडेला पडतो, आणि फायबरचे डक्टही तिथेच असतात. जेसीबीचा एक फटका बसला की केसाएवढ्या काचेच्या धाग्यांचा जुडगा क्षणात तुटतो. ताळमेळाविना होणाऱ्या अशा खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करताना सांगितलं होतं.

तरीही बोनकोडे गावातल्या किराणा दुकानाचं यूपीआय किंवा कोपरखैरण्यातल्या दवाखान्याचं संगणकीकृत केसपेपर प्रत्येक फायबर कटला बंद पडत नाही. त्याचं श्रेय ‘रिंग’ या रचनेला जातं. पण रिंग असूनही सगळं ठप्प झालं, असंही अधूनमधून घडतं, आणि त्यामागची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात. रिंग नेमकी कशी सावरते, कुठे अडखळते आणि त्यावर अभियंते काय तोड काढतात, ते इथे क्रमाने पाहू.

रिंग म्हणजे काय

समजण्यासाठी पाच ठिकाणांची एक रिंग कल्पूया: बोनकोडे, घणसोली, महापे, तुर्भे, वाशी आणि पुन्हा बोनकोडे. हा कुठल्या कंपनीचा प्रत्यक्ष नकाशा नाही. प्रत्येक ठिकाणी एक यंत्र आहे, त्याला नोड म्हणतात, आणि शेजारच्या दोन नोडना ते फायबरने जोडलेलं आहे. बोनकोड्याहून महाप्याला जायचं तर एक वाट घणसोलीवरून जाते आणि दुसरी वाशी-तुर्भ्यावरून. घणसोलीजवळ केबल तुटली तर वाहतूक उलट्या दिशेने वळवायची, एवढीच मूळ कल्पना आहे.

केबल सरळ रेषेत टाकली तर मधे कुठेही तुटल्यावर पुढची सगळी गावं अंधारात जातात. ग्रामपंचायतींना ब्रॉडबँडने जोडणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या सुरुवातीच्या रचनेत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची केबल अशीच एकमार्गी होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात तालुका आणि ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडण्याचं ठरलं. एकेरी वाटेची किंमत किती मोठी असते, हे देशाने अनुभवातून शिकून घेतलं.

वाचकाने एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. रिंग असते ती एक्स्चेंज आणि मोठ्या नोडच्या पातळीवर. तिथून स्प्लिटरमार्फत आपल्या घरी येणारी शेवटची फायबर एकेरीच असते. गावठाणातल्या खांबावरून आलेली ती तार तुटली, तर शहरभराची उत्तम रिंगही आपलं घर वाचवू शकत नाही.

पन्नास मिलिसेकंदांचा हिशेब

रिंग सावरण्याच्या तीन पद्धती मुख्यतः वापरात आहेत.

पहिली सर्वांत साधी. पाठवणारा नोड तोच संदेश दोन्ही दिशांनी पाठवतो आणि घेणारा नोड त्यातला चांगला निवडतो. एसडीएच या दूरसंचार यंत्रणेत हिला एसएनसीपी म्हणतात. कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून ती वेगवान आणि भरवशाची आहे. पण प्रत्येक संदेशाला दोन्ही बाजूंची जागा लागत असल्याने क्षमता दुप्पट खर्च होते.

दुसरी पद्धत एमएस-स्प्रिंग. हिच्यात प्रत्येक दिशेची निम्मी क्षमता राखून ठेवतात. केबल तुटली की तुटीच्या दोन्ही बाजूंचे नोड के१ आणि के२ नावाच्या दोन बाइटमधून एकमेकांना निरोप देतात आणि वाहतूक राखीव भागातून उलटी फिरवतात. या बाइटमध्ये नोडच्या ओळखीसाठी चारच बिट आहेत, म्हणून एका रिंगमध्ये १६ पेक्षा जास्त नोड बसत नाहीत. आयटीयू-टीच्या जी.८४१ या मानकानुसार १,२०० किलोमीटरच्या आतल्या, आधीपासून निर्दोष असलेल्या रिंगने ५० मिलिसेकंदांत वाहतूक वळवली पाहिजे. बिघाड ओळखायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही.

तिसरी पद्धत आज शहरांत जास्त दिसते. ती इथरनेट रिंगची, मानक जी.८०३२. इथरनेटला बंद वर्तुळ चालत नाही. तशा वर्तुळात एकच पॅकेट अनंत काळ फिरत राहतं आणि काही सेकंदांत सगळी रिंग गुदमरते. म्हणून एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात. तो दुवा आरपीएल आणि त्याचा ताबा असलेला नोड आरपीएल ओनर. दुसरीकडे कुठे केबल तुटली की तिथले नोड ‘सिग्नल फेल’ची वर्दी रिंगभर पाठवतात, ओनर आपला बंद दुवा उघडतो आणि सगळे नोड ‘कोणता पत्ता कोणत्या बाजूला’ ही जुनी यादी पुसून नव्याने शिकतात. केबल धड आहे का, हे तपासायला शेजारी नोड एकमेकांना दर ३.३३ मिलिसेकंदांनी एक छोटा संदेश पाठवतात. साडेतीन संदेशांचा वेळ कोरडा गेला, म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंद झाले, की दुवा मेला असं धरतात.

इथवर सगळं सुरळीत आहे. आता अडचणींकडे वळू.

वाटा दोन, खड्डा एकच

सर्वांत जुनी आणि सर्वांत महागडी चूक यंत्रात नसते, जमिनीत असते. कागदावर रिंग गोल असते, पण काही अंतरावर तिच्या दोन्ही बाजू एकाच डक्टमधून गेलेल्या असतात. हे आळसामुळेच होतं असं नाही. बोनकोडे आणि महापे यांच्या मधे ठाणे-वाशी रेल्वेमार्ग आणि ठाणे-बेलापूर रस्ता आडवे येतात. ते ओलांडायच्या जागा मोजक्या आहेत. प्रत्येक ठिकाणी परवानगी, शुल्क आणि वेळ लागतो. त्यामुळे सगळ्यांच्या केबल त्याच दोन-चार ठिकाणी गोळा होतात, आणि रिंगच्या दोन्ही वाटाही तिथे एकत्र येतात. तिथेच खड्डा पडला की दोन्ही वाटा एकदम जातात.

भाड्याने घेतलेल्या फायबरमध्ये हा धोका आणखी लपतो. दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन वाटा घेतल्या म्हणजे त्या वेगळ्या झाल्या, असं वाटतं. पण त्या दोघींनी तिसऱ्याचाच डक्ट भाड्याने घेतलेला असू शकतो. शिवाय सुरुवातीला वेगळ्या असलेल्या वाटा, एखाद्या रात्री घाईत केलेल्या दुरुस्तीनंतर एकाच डक्टमध्ये येऊन बसतात आणि नकाशावर त्याची नोंद होत नाही.

यावर तोड म्हणजे प्रत्येक तुकड्याला ‘सामायिक धोक्या’चा क्रमांक देणं. एकाच डक्टमधले, एकाच पुलावरचे, एकाच चेंबरमधले तुकडे एका गटात घालायचे आणि रिंगच्या दोन बाजूंमध्ये एकही गट समान येऊ द्यायचा नाही. मुंबईकडे जाणाऱ्या रिंगसाठी हा विचार सोपा आहे, कारण खाडीने तो स्पष्टच करून ठेवला आहे. वाशीचे पहिले दोन रस्तापूल १९७३ आणि १९९७ चे, ऐरोलीचा पूल १९९९ चा. एक वाट वाशीवरून नेली तर दुसरी ऐरोलीवरून नेणं शहाणपणाचं. वाशीच्याच दोन पुलांवरून एकेक वाट नेली, तर पूल दोन झाले तरी दोन्ही वाटा पोहोचतात त्याच टोकांच्या रस्त्यांवर. गावाच्या पातळीवर हाच नियम पाळायला पायी चालत मार्ग तपासावा लागतो. ओटीडीआर यंत्र फायबरची लांबी आणि जॉइंटची अंतरं सांगतं. नोंदीत वेगळ्या दाखवलेल्या दोन तुकड्यांतल्या जॉइंटची अंतरं हुबेहूब जुळू लागली, तर शंका घ्यायलाच हवी.

उजेड आहे, संदेश नाही

रिंग वळते ती बिघाड ओळखल्यावरच. केबल स्वच्छ तुटली तर उजेड जातो आणि ओळख पटते. त्रास होतो तो अर्धवट बिघाडाने.

जाण्याची एक फायबर आणि येण्याची दुसरी अशी जोडी असते. त्यातली एकच तुटली, तर एका नोडला काही येत नाही आणि दुसऱ्याला मात्र सगळं ठीक दिसतं. दोन नोडच्या मधे साधा मीडिया कन्व्हर्टर बसवलेला असेल तर प्रकार आणखी फसवा होतो. फायबरची बाजू मेली तरी कन्व्हर्टर तांब्याच्या बाजूचा पोर्ट जिवंत ठेवतो आणि स्विचला ‘लिंक अप’ दिसत राहते. लांब मार्गावर ॲम्प्लिफायर असेल तर मूळ सिग्नल तुटूनही तो स्वतःचा गोंगाट-प्रकाश पुढे पाठवत राहतो. केवळ प्रकाशाची पातळी मोजून वळणारा ऑप्टिकल स्विच त्यामुळे जागचा हलत नाही.

म्हणून नियम असा की फक्त उजेडावर विश्वास ठेवायचा नाही. इथरनेट रिंगमध्ये ३.३३ मिलिसेकंदांचे तपासणी-संदेश चालू ठेवायचे, कारण ते दोन्ही दिशा तपासतात. मीडिया कन्व्हर्टर टाळायचेच, आणि नाइलाज असेल तर एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूला कळवणारे निवडायचे. ॲम्प्लिफायर असलेल्या मार्गावर प्रकाशाच्या जोडीला फ्रेम हरवल्याची सूचनाही वळणाच्या निर्णयात धरायची.

पावसाळ्यात या प्रकाराला आणखी एक रूप येतं. चेंबरमध्ये पाणी भरतं, जॉइंटचं झाकण नीट बसलेलं नसतं, फायबरला बाक येतो. सिग्नल मरत नाही, पण चुका वाढत जातात. यासाठी ‘सिग्नल डिग्रेड’ची मर्यादा असते. दहा लाख बिटमध्ये एक चूक ही तिची नेहमीची पातळी. काही ठिकाणी नको ते अलार्म येतात म्हणून ही मर्यादा बंदच करून ठेवतात. मग रिंग चालू दिसते आणि ग्राहक मात्र व्हिडिओ अडकल्याच्या, बिल न निघाल्याच्या तक्रारी करत राहतात. मर्यादा बंद करण्यापेक्षा तो जॉइंट दुरुस्त करावा.

येरझारा

ढिला कनेक्टर किंवा घाईत केलेला जॉइंट क्षणात जोडला जातो, क्षणात सुटतो. प्रत्येक वेळी रिंग वळली आणि परतली, तर एका लहान दोषापायी सगळ्या नोडवरची वाहतूक दिवसभर धक्के खाईल. म्हणून ‘वेट टू रिस्टोर’ ही मुदत असते. ताप उतरला तरी मुलाला आपण त्याच दिवशी शाळेत पाठवत नाही, एक दिवस वाट पाहतो. तसंच केबल जोडली गेल्यावर काही मिनिटं ती निर्दोष राहते का हे पाहूनच रिंग मूळ जागी येते. जी.८०३२ मध्ये ही मुदत १ ते १२ मिनिटांची असते, नेहमीची ५. चाचणी लवकर उरकावी म्हणून ती १ मिनिटावर आणतात आणि पुन्हा वाढवायचं राहून जातं. ही सवय मोडायला हवी.

दुसरी मुदत ‘होल्ड-ऑफ’. अनेकदा एका रिंगच्या खाली दुसरी संरक्षण-यंत्रणा असते. खाली डीडब्ल्यूडीएमचा प्रकाश-थर, वर इथरनेट रिंग. केबल तुटली की दोन्ही थर एकदम धावले तर एकमेकांच्या पायात पाय घालतात. खालच्याला आधी संधी द्यायची आणि वरच्याला साधारण १०० मिलिसेकंद थांबवायचं, ही नेहमीची तोड. मात्र खाली कोणतंच संरक्षण नसताना होल्ड-ऑफ ठेवला, तर प्रत्येक तुटीला तेवढा उशीर फुकट होतो.

तिसरी मुदत ‘गार्ड टायमर’, साधारणपणे ५०० मिलिसेकंदांची. रिंगभर फिरून उशिरा पोहोचलेली जुनी वर्दी नवी समजून नोडने चुकीचा निर्णय घेऊ नये, यासाठी ती असते. ती फार कमी केली की दुरुस्तीनंतर रिंग विनाकारण हलते.

लांबच्या वळणाची किंमत

वाहतूक वळली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं नाही. पॅकेट रिंगमध्ये दोन बाजूंनी वाहणारा भार एकाच बाजूला येतो. दोन्ही बाजू गर्दीच्या वेळी ६० टक्के भरलेल्या असतील, तर उरलेल्या एका दुव्यावर १२० टक्के भार पडेल. रिंग वळते, पण पॅकेट गळतात. म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज एका दुव्यात मावेल एवढाच भार घ्यावा. ते जमत नसेल तर निदान आवाज, बँक आणि आरोग्यसेवेची वाहतूक प्राधान्याने जाईल अशी व्यवस्था आधीच करावी.

अधिक नाजूक प्रश्न घड्याळाचा आहे. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. ४जी आणि ५जीच्या टीडीडी पद्धतीत टॉवरचं घड्याळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत अचूक लागतं. हे घड्याळ फायबरवरून पाठवणारी यंत्रणा जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरते. बिघाडानंतर एकच दिशा लांबच्या वाटेने वळली, तर दोन्ही दिशांच्या फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. म्हणजे फक्त ६०० मीटरचा फरकही दीड मायक्रोसेकंदाची सगळी सवलत खाऊन टाकतो. जिथे घड्याळ जातं तिथे दोन्ही दिशा एकत्र वळवणारी पद्धत वापरावी आणि टॉवरवर उपग्रहाकडून वेळ घेणारा रिसीव्हरही ठेवावा.

दोन घाव आणि अंधार

रिंग एका घावासाठी बांधलेली असते. दोन ठिकाणी तुटली की तिचे दोन तुकडे होतात, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात कोणताच प्रोटोकॉल पोहोचवू शकत नाही. एमएस-स्प्रिंगमध्ये अशा वेळी आणखी एक धोका असतो: वळवलेला संदेश भलत्याच ग्राहकाच्या चॅनेलमध्ये जाऊ शकतो. तो टाळायला नोड असे चॅनेल स्वतःहून बंद करतात. याला स्क्वेल्चिंग म्हणतात. त्यासाठी प्रत्येक नोडकडे रिंगचा बरोबर नकाशा लागतो. नवा नोड घातल्यावर हा नकाशा सगळीकडे बदलला नाही, तर ही सोयच घात करते.

दुसरा घाव बहुतेक वेळा केबलवर नसतो, विजेवर असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. अशा वेळी एका केबलचा प्रश्न उरत नाही. रिंगमधले अनेक नोड एकाच घडीला बॅटरीवर येतात, आणि ज्यांच्या बॅटऱ्या थकलेल्या असतील ते ओळीने मरतात. त्यावर उपाय प्रोटोकॉलमध्ये नाही. बॅटरीची खरी चाचणी भार टाकूनच होते, डिझेल जनरेटर सुरू करूनच कळतो, आणि महत्त्वाच्या ग्राहकाला एका नोडऐवजी दोन नोडवर जोडावं लागतं.

माणसाने अडवलेली वाट

काम करताना अभियंता हाताने रिंग वळवतो. त्यासाठी दोन आज्ञा असतात. ‘फोर्स्ड स्विच’ सिग्नल फेलपेक्षा वरचढ आहे, म्हणजे वळवलेल्या वाटेवर खरा कट झाला तरी रिंग परतत नाही. ‘मॅन्युअल स्विच’ सिग्नल फेलपुढे माघार घेतो. नियोजित कामासाठी शक्यतो मॅन्युअल वापरावा, आणि काम संपल्यावर आज्ञा काढल्याची नोंद झाल्याशिवाय तिकीट बंद करू नये. विसरलेला फोर्स्ड स्विच महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि पहिल्या कटला उघडा पडतो.

इथरनेट रिंगमध्ये आरपीएल ओनरची चूकही नेहमीची. रिंग वर्तुळात जोडली, पण प्रोटोकॉल चालू करायचा राहिला, तर पॅकेटचं वादळ उठतं आणि दूरवरून यंत्रात शिरणंही अशक्य होतं. म्हणून क्रम पक्का ठेवावा: आधी सगळ्या नोडवर प्रोटोकॉल आणि ओनर ठरवायचा, तपासायचं, आणि शेवटचा दुवा सर्वांत शेवटी जोडायचा.

न वापरलेली वाट खरी आहे का

या सगळ्या अडचणींचं मूळ एकच आहे: राखीव वाट रोज वापरात नसते, म्हणून ती बिघडलेली कळत नाही. के१-के२च्या भाषेत ‘एक्सरसाइज’ नावाची आज्ञा याचसाठी आहे. ती वाहतूक न हलवता निरोपांची देवाणघेवाण तपासते. पण तेवढ्यावर थांबू नये. वर्षातून एकदा तरी, कमी गर्दीच्या रात्री, ग्राहकांना कळवून रिंग खरोखर वळवावी, काही तास त्या वाटेवर चालवावी, वळायला लागलेला वेळ आणि गळलेली पॅकेट मोजावीत. नवी मुंबईत यासाठी एप्रिल हा योग्य महिना आहे. मे महिन्यात पावसाआधीच्या खोदाईची घाई असते आणि जूनपासून चेंबरमध्ये पाणी भरू लागतं. त्याआधी दोष सापडला तर तो कोरड्या खड्ड्यात दुरुस्त होतो.

दवाखाना, पतपेढी, शाळा किंवा मोठी सोसायटी यांनीही केवळ ‘आमची रिंग आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. आमच्या दोन वाटा रेल्वेमार्ग आणि ठाणे-बेलापूर रस्ता कुठे कुठे ओलांडतात? त्या कुठे एका डक्टमध्ये येतात का? रिंग शेवटची खरोखर कधी वळवून पाहिली, आणि किती मिलिसेकंद लागले? आमच्या नोडची बॅटरी भारावर किती तास टिकली? या चार प्रश्नांची उत्तरं तारखेसह लेखी मागावीत आणि करारात घालून घ्यावीत. ज्या कंपनीकडे ही उत्तरं तयार आहेत, तिची केबल तुटूनही आपलं काम चालू राहण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.